सापडल्याची जागा

ऑल्डरथॉर्प, नॉरफोक
२ सप्टेंबर

डेस,

हे पत्र फाडण्याआधी दुसरं पान बघ. त्यावर मी एक चित्र काढलं आहे. चित्रकलेबद्दल काही बोलू नकोस, शाळेत त्या विषयात आपण दोघेही काठावरच पास व्हायचो.

फोन तू उचलत नाहीस. उचलला असतास तरी ही गोष्ट मी फोनवर विचारली नसती. तीन वर्षांत तुला नाताळचं कार्डसुद्धा पाठवलं नाही आणि आता काम पडलं तेव्हा थेट ऑर्कनी बेटांपर्यंत हात पोचवतोय, हे मला कळतं. पण बॉम्ब निकामी करणाऱ्या पलटणीत बारा वर्षं काढलेला दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही.

तर ऐक. आपल्या मेटल डिटेक्टर मंडळातल्या एका सभासदाला गेल्या गुरुवारी काशाचं कुऱ्हाडीचं पातं सापडलं. वीतभर लांब, धारेकडे पसरट, बाजूला दोरी ओवायची कडी शाबूत. ओतताना दोन साच्यांमध्ये राहिलेली शिवण अजून बोटाला लागते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने ती घासायचा कंटाळा केला असणार. रंग असा हिरवा की बघत राहावं. हा सभासद पस्तीस वर्षं बाटल्यांची झाकणं, ट्रॅक्टरचे नट आणि व्हिक्टोरिया राणीची पेनी नाणी खणून काढतोय. पातं हातात घेऊन तो गुडघ्यांवर बसला तो बराच वेळ उठलाच नाही.

पण विचारायचं आहे ते पुढचं. खड्डा बुजवण्याआधी आपल्या नियमाप्रमाणे त्याने मशीन पुन्हा एकदा खड्ड्यावरून फिरवलं, आणि मशीन किंचाळलं. एखादं नाणं असं ओरडत नाही. त्याने खुरप्याने बाजूची माती काढली. कोपरभर खाली गंजलेलं लोखंड लागलं. पोट फुगलेलं, पुढे निमुळतं होत गेलेलं, आणि त्या टोकाला पत्र्याची वाकलेली पाती. तीन दिसली, चौथं मातीत असावं. चित्रात मी तिन्ही काढली आहेत.

त्याचं म्हणणं, जुन्या पेरणीयंत्राचा तुकडा असेल. त्याचं दुसरंही एक म्हणणं आहे, पण ते तो मोठ्याने बोलत नाही. युद्धात त्या बाजूला लष्कराचा तोफगोळ्यांचा सराव चालायचा, हे मी तुला सांगायला नको. त्याने हातानेच माती लोटली आणि तो घरी आला. त्या दिवसापासून जेवण जात नाही त्याला.

पोलिसांना का कळवत नाही, असं विचारशील. कारण आहे. घरगुती आहे. पातं म्युरियल गुडरमबाईंच्या कुरणात सापडलं अशी नोंद म्युझियमकडे झाली आहे, तेव्हा त्यात काही वावगं नाही.

मला एवढंच सांग. हे काय आहे? आणि हातभर खोल जाणारा फाळ यावरून गेला तर काय होईल? एका ओळीचं उत्तर पुरे. शिव्या घालायच्या असतील तर दोन ओळी घे.

क्लिफर्ड

ता. क. परवा दुकानात रॉस भेटला. डोक्यावरचे केस तुझ्यासारखेच चाललेत. शेतातलं पाणी काढायला जमिनीच्या पोटात चर काढतं ते नवं यंत्र त्याने घेतलंय. येत्या दहा तारखेला, सोमवारी, केरिजच्या वरच्या शेतात काम धरणार म्हणाला. त्याची धाकटी आता चालते. आणि हेझलच्या थडग्यावरचं गवत मी कापून घेतलं. ती तुझी बायको होती तशी माझी बहीणही होती, तेव्हा आभार मानू नकोस.


११ सप्टेंबर

डेस,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचायला दोन दिवस, यायला दोन दिवस, आणि एक दिवस तुझ्या रागाचा असा हिशेब मी केला होता. तुझा राग त्यापेक्षा मोठा निघाला.

तो सभासद म्हणजे मी. तुला पहिल्या ओळीतच कळलं असेल. ‘एका सभासदाला’ असं लिहिणारा माणूस नेहमी स्वतःबद्दलच लिहीत असतो, हे मीच कधीतरी तुला सांगितलं होतं.

आता बाकीचंही ऐक. म्युरियलबाईंच्या कुरणात मला काही मिळालं नव्हतं, मेंढ्यांच्या कानातले दोन बिल्ले सोडून. कुंपणाच्या झुडपात बिज्जूंनी खिंडार पाडलंय. पलीकडे केरिजचं वरचं शेत, बार्ली नुकतीच कापलेली, धसकटं बसकी, माती उघडी. असली जमीन बघितली की आपल्यासारख्यांच्या हाताला मुंग्या येतात. फाटकावर केरिजची पाटी आहे: मेटल डिटेक्टरवाल्यांना सक्त मनाई. ती मी वाचली. खिंडारातून पाटी दिसत नाही, पण मला ती दिसत होती.

नऊ पावलं गेलो असेन.

एकेचाळीस. खरं सांगायचं तर एकेचाळीस.

तुझी बावीस होती. मंडळाच्या सभेत मी तुला विचारलं होतं, कुंपणापलीकडे किती पावलं? तू म्हणालास, मोजली नाहीत. मी म्हणालो, मी मोजून आलोय, बावीस. एका चांदीच्या पेनीसाठी बावीस पावलं आणि एक खोटी नोंद. मग उभा राहून मी ते भाषण ठोकलं. वस्तू कुणालाही सापडते, जागा खरी सांगतो तोच शोधक. टाळ्या पडल्या होत्या. तुला काढून टाकायच्या ठरावावर सगळ्यात आधी हात माझा वर गेला. दारात तू एवढंच म्हणालास, ‘कुंपण शेत खाईल त्या दिवशी मला कळवा.’ तर हे कळवतोय.

इकडे रोज काहीतरी नवीन निघतं. म्युझियमातली फिलिपा, आपल्या वस्तू नोंदवून घेते ती, तिचा शुक्रवारी फोन आला.

‘मिस्टर अटिंग, पात्याच्या पाठीवर ताजा ओरखडा आहे. नांगराच्या फाळाचा वाटतो. ते कुरण शेवटचं कधी नांगरलं होतं?’

कधीच नाही. म्युरियलबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून तिथे मेंढ्याच आहेत. मी म्हणालो, ‘माझं फावडं लागलं असेल.’

‘तुमचं?’ ती हसली. ‘पस्तीस वर्षांत तुमच्या एकाही वस्तूला फावडं लागलेलं मी बघितलं नाही. आमच्या नव्या लोकांना मी तुमचंच उदाहरण देते.’

कौतुक ऐकून फोन हातातून सुटतो असं कधी झालंय तुला? फोन ठेवल्यावर मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो.

ऑक्टोबरात ते लोक कुरणात खोदायला येणार आहेत. जिथे काही नाही तिथे. म्युरियलबाई ब्याऐंशीव्या वर्षी नव्या नवरीसारख्या लगबगीत आहेत. पात्याचा फोटो चौकटीत घालून वारलेल्या नवऱ्याच्या, वॉल्टरच्या फोटोशेजारी ठेवलाय, आणि पातं वॉल्टरच्या नावाने म्युझियमला द्यायचं ठरवलंय. ‘चाळीस वर्षं बिचारा त्या कुरणात मेंढ्यांमागे फिरला, क्लिफर्ड, आणि हे पायाखाली होतं बघ त्याच्या,’ असं म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि मला शहाजिऱ्याचा केक वाढला. तो मी खाल्ला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही.

तू म्हणशील, निनावी कळवायचं. तेही करून बघितलं. एका कोऱ्या कागदावर ‘वरच्या शेतात बॉम्ब आहे, खोदू नका’ असं टाइप करून केरिजच्या दारातून आत सरकवलं. दुसऱ्या दिवशी तो कागद पबमध्ये सगळ्यांच्या हातातून फिरत होता. केरिज म्हणाला, ‘माझ्या शेतातलं पाणी आपल्या अंगणात येईल म्हणून कोणीतरी रडतंय. पुढच्या चिठ्ठीत म्हणेल, शेतात वाघ आहे.’ सगळे हसले. मीही हसलो, डेस.

मग म्हटलं पोलिसांना फोन करू, पण घरच्या फोनवरून नको. चौकातल्या लाल खोक्यात गेलो. तिथला फोन केव्हाच काढलाय, आता गावकरी वाचून झालेली पुस्तकं ठेवतात. एक स्वयंपाकाचं पुस्तक घेऊन परत आलो, कारण समोरून चॅपलचे पाद्रीबाबा येत होते आणि खोक्यात शिरायला काहीतरी कारण हवं होतं. आणि निनावी सांगून तरी काय होणार? वीस एकर शेत आहे. नेमकी जागा जगात एका माणसाला ठाऊक आहे.

देवाची कृपा एवढीच की काल सकाळी चर काढायचं यंत्र केरिजच्या फाटकातच बंद पडलं. तेलाची नळी फुटली म्हणे. सुटा भाग यायला आठवडा. ऐकल्यावर मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. मी चॅपलवाला, म्हणजे दुसऱ्या पंथाचा, असून. तिथल्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मेणबत्ती चोरायला आलोय.

दार कुठे आपटलं तरी कपातला चहा बशीत सांडतो माझ्या. हे काय आहे ते सांग. पेरणीयंत्राचा तुकडा आहे म्हण. तसं असेल तर मी मरेपर्यंत कुणाला काही सांगणार नाही आणि कुणाचं काही बिघडणार नाही. बॉम्ब आहे म्हणालास तर मला जावं लागेल. यातलं कुठलं उत्तर मला हवंय ते तुला कळतंय, आणि म्हणूनच बहुधा तू उत्तर देत नाहीस.

क्लिफर्ड


१६ सप्टेंबर, रविवार

डेस,

आज टपाल नाही. हे पत्र उद्या निघेल आणि तुझ्या हातात पडेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहितो, कारण न लिहिता मी उद्या सकाळी दाराबाहेर पडेन याची मला खात्री नाही.

नळी आली. यंत्र उद्या सकाळी आठला सुरू होणार.

दोन पत्रांत मी ‘यंत्र’ लिहिलं, ‘चर काढायचं काम’ लिहिलं. चालवणाऱ्याचं नाव पहिल्या पत्रात सगळ्यात खाली, ता. क. मध्ये टाकलं, त्याच्या केसांच्या आणि धाकटीच्या मध्ये. तुला दिसावं आणि दिसू नये म्हणून. आता सरळ लिहितो. त्या शेतात उद्या तुझा मुलगा ट्रॅक्टरवर बसणार आहे. फाळ त्याच्या पाठीमागे सहा फुटांवर असतो. मी मोजलंय. मला मोजण्याशिवाय दुसरं येतं काय?

आज चॅपलबाहेर तो माझ्यासाठी थांबला होता.

‘मामा, बरा दिसत नाहीस.’

‘वय झालं.’

‘गेल्या महिन्यात नव्हतं झालं.’ मग म्हणाला, ‘उद्या वरचं शेत धरतोय.’

‘एवढी घाई काय आहे? ओल आहे अजून जमिनीत.’

‘घाई केरिजला. मला काय, जिथे सांगतील तिथे चालवायचं.’ तो माझ्याकडे बघत राहिला. डोळे हेझलचे आहेत त्याचे, तुला माहीतच आहे. ‘काही सांगायचंय का, मामा?’

मी म्हणालो, ‘ती नळी नीट आवळून घे.’

‘हो,’ म्हणाला आणि गेला. त्याची धाकटी त्याच्या खांद्यावर होती. तिने मला हात हलवून टाटा केला.

बाप्तिस्म्याच्या दिवशी हा मुलगा माझ्या हातात होता. पाणी पडल्यावर माझ्या कोटावर ओकला होता. आज चौतीस वर्षांचा झाला, आणि मी त्याला सांगतो, नळी आवळ.

मला कशाची भीती वाटते ते सांगतो, म्हणजे तुला माझी लायकी कळेल. मला केरिजच्या वकिलाची भीती वाटते. फिलिपाच्या आवाजाची वाटते, ती ‘मिस्टर अटिंग’ म्हणायचं थांबेल त्या दिवसाची. म्युरियलबाईंना ती चौकट खाली उतरवावी लागेल, त्याची वाटते. नऊ शेतांवरच्या परवानग्या जातील. मंडळाच्या वहीत सचिव म्हणून दुसऱ्याचं अक्षर येईल. आणि त्या सभेतले लोक तुझी आठवण काढतील आणि माझ्याकडे बघतील. बायको नाही, मुलं नाहीत, डेस. गावात माझी ओळख एकच, नियमाने वागणारा माणूस. ती गेली की मी कोण?

आणि हे सगळं एका पारड्यात, रॉस दुसऱ्यात, आणि मी सतरा दिवस काट्याकडे बघत बसलो. लाज वाटते लिहायला.

उद्या साडेसातला आधी म्युरियलबाईंकडे, मग केरिजच्या फाटकावर. मशीन बरोबर नेणार, कारण आता ती जागा नुसत्या डोळ्यांनी सापडणार नाही. कागदावर लिहिलं म्हणजे आता जावं लागेल. मी लिहिलेली नोंद कधी खोटी निघालेली नाही. एक सोडून.

क्लिफर्ड


२२ सप्टेंबर

डेस,

मी गेलो. तुला ते सगळं कळलंय, आणि कसं कळलं तेही मला आता कळलंय. पण माझ्या तोंडून ऐक.

म्युरियलबाई कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. मी फाटकाबाहेरूनच बोललो, आत जायचा धीर झाला नाही. पातं तुमच्या कुरणातलं नाही, केरिजच्या शेतातलं आहे, मी खोटं बोललो. त्यांनी हातातले सगळे दाणे टाकून संपवले, हात झटकले.

‘म्हणजे वॉल्टरच्या पायाखाली नव्हतं.’

‘नव्हतं.’

‘तरीच. त्याच्या पायाखाली कधी काही यायचं नाही, शेणाशिवाय.’ मग म्हणाल्या, ‘मला वाईट वाटलंय, क्लिफर्ड. फार वाटलंय. तू आता जा, नाहीतर मी काहीतरी बोलेन.’

गेलो. हातात मशीन, खांद्याला पिशवी, भर सकाळी मोठ्या रस्त्याने. एरवी मला बघून हात करणाऱ्या दोघांनी त्या दिवशीही हात केला. मला वाटलं, हा शेवटचा.

केरिज फाटकावरच होता. रॉस ट्रॅक्टरच्या पायरीवर बसून थर्मासमधला चहा पीत होता. इंजिन बंद. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि इंजिन बंद. पण तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

केरिज म्हणाला, ‘अटिंग, पाटी वाचता येत नाही?’

‘येते. तीस ऑगस्टलाही वाचली होती. वाचून आत आलो होतो.’

आणि मग मी सगळं सांगितलं. पातं, नोंद, लोखंड, ती चिठ्ठी. मशीनचा दांडा जमिनीत टेकून मी शेवटपर्यंत बोललो. केरिजचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. ‘ती चिठ्ठी तुमची होती? सही केली असती तर मी वाचली असती ना,’ म्हणाला.

रॉस म्हणाला, ‘मामा, लांबूनच दाखव. आत जाऊ नकोस.’

लांबून दाखवता आलं असतं तर मी लांबूनच दाखवलं असतं. पण मधे पाऊस झाला होता, सगळं शेत सारखं दिसत होतं. मी म्युरियलबाईंच्या बाजूने वळसा घालून त्या खिंडारातून आत शिरलो, कारण मोजणी तिथूनच सुरू होत होती. ॲशच्या झाडाकडे तोंड करून एक, दोन, तीन. तीस ऑगस्टला हीच पावलं मी हलक्या पायाने टाकली होती. आता प्रत्येक पाऊल ठेवताना जमिनीला विचारून ठेवत होतो. सदतीसला मशीन कुरकुरलं. एकेचाळीसला ओरडलं. मी रुमाल काठीला बांधून तिथे रोवला, हळूच, आणि स्वतःच्याच पावलांच्या खुणांवर पाय देत परत आलो. पँट भिजली होती. कशाने, ते विचारू नकोस.

पोलीस आले, दुपारी लष्कराची गाडी आली. सार्जंट तुझ्याच जातीचा माणूस, कमी बोलणारा. त्याने पोटावर पडून माती काढली, परत आला आणि रॉसच्या यंत्राचा फाळ हाताने मोजला. ‘हा एवढाच खोल जातो ना? मग बरोबर याच्या नाकावर बसला असता,’ म्हणाला. तेवढं बोलून त्याने चहा मागितला. साडेतीनला वाळूची पोती रचून त्यांनी तो उडवला. गावातल्या खिडक्या थरथरल्या. माती वर गेली आणि पुष्कळ वेळ खाली येत राहिली. मी रॉसचा दंड धरून उभा होतो. तो सोडायला सांगेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर रॉसने ट्रॅक्टरमधून एक पाकीट काढलं. वर तुझं अक्षर, तारीख पाच सप्टेंबर.

‘बाबांचं आहे. तू आलास तरच द्यायचं असं सांगितलं होतं.’

‘पाच तारखेपासून तुझ्याकडे आहे?’

‘पोस्टाने सात तारखेला आलं. फोन त्याआधीच आला होता. म्हणाले, क्लिफर्ड म्हणतो पातं म्युरियलच्या कुरणात सापडलं, आणि घाबरतो नांगराच्या फाळाला. त्या कुरणात मेंढ्यांशिवाय काही जात नाही. म्हणजे गाढव कुंपणापलीकडे गेलंय. मी सांगितल्याशिवाय शेतात चाक घालू नकोस, नळी फुटली म्हण.’

‘नळी फुटली नव्हती?’

‘नवं यंत्र आहे, मामा. कशाला फुटेल?’

‘आणि काल चॅपलबाहेर?’

‘काल मी तुला विचारलं. तू म्हणालास, नळी आवळ.’ तो मला हसला नाही, हे त्याचे उपकार. ‘बाबा म्हणाले होते, त्याला सोमवारी दुपारी बारापर्यंत वेळ दे. नाही आला तर मी स्वतः पोलिसांना फोन करतो. मी म्हटलं, मामा येणार नाही. बाबा म्हणाले, येईल. उशिरा येईल, पण येईल.’

मी त्या बांधावर बसलो आणि रडलो, डेस. केरिजसमोर, सार्जंटसमोर. केरिजने तोंड फिरवलं. भला माणूस आहे, मला इतकी वर्षं वाटायचं तसा नाही.

गुरुवारी मंडळाची सभा घेतली. मी तीन वर्षांपूर्वीचं इतिवृत्त वाचून दाखवलं, माझ्या भाषणासकट, आणि त्याखाली माझी हकिकत वाचली. कोणी म्हणालं, जाऊ द्या, एक जीव वाचवलाय त्यांनी. मी म्हणालो, आधी सतरा दिवस तो टांगून ठेवलाय. मला काढायच्या ठरावावर याही वेळी पहिला हात माझाच होता. ठराव झाल्यावर मी उठून म्हणालो, डेसमंड लार्टरला परत घ्यावं असा माझा प्रस्ताव आहे. तेव्हा त्यांनी नियम दाखवला, काढून टाकलेल्या सभासदाला प्रस्ताव मांडता येत नाही. मीच लिहिलेला नियम. घाईत क्रम चुकला. आयुष्यात पहिल्यांदा.

पण तुझी माफी मागायला सभासद असावं लागत नाही. तू ती बावीस पावलं टाकलीस त्या दुपारी हेझल इस्पितळात होती. डॉक्टरांनी सकाळीच काय सांगितलं ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. तुला घरी बसवेना म्हणून तू मशीन घेऊन बाहेर पडलास, आणि कुंपण कुठे संपतं हे तुला त्या दिवशी दिसलंही नसेल. नंतर नोंद खोटी दिलीस, ते चुकलं. पण कारण मला ठाऊक होतं, आणि तरी मी पावलं मोजायला गेलो. हेझल हातची चालली होती आणि मला काही करता येत नव्हतं. नियम तेवढा माझ्या हातात होता, तो मी तुझ्यावर चालवला. चुकलो, डेस. महिन्याभरात ती गेली, आणि आपण दोघे तिच्या थडग्याच्या दोन बाजूंना उभे होतो.

काल फिलिपाची माणसं केरिजच्या परवानगीने शेतात होती. खड्ड्यापासून पाच पावलांवर आणखी चार पाती निघाली, एकावर एक रचलेली, धारा एकाच बाजूला. पाचवं कधीतरी नांगराने ओढून नेलं होतं, तेच माझ्या नशिबी आलं. मी म्युरियलबाईंच्या बाजूने कुंपणाआड उभा होतो. म्युरियलबाई स्वतःहून येऊन शेजारी उभ्या राहिल्या. फिलिपाने ट्रे उचलून कुंपणापर्यंत आणला आणि झुडपावरून मला दिसेल असा धरला. चारही हिरवीगार. मग म्हणाली, ‘आधीची नोंद दुरुस्त करावी लागेल. कोरा फॉर्म पाठवते.’ मिस्टर अटिंग म्हणाली नाही.

तुझं पाकीट समोर आहे. आत माझंच चित्र परत पाठवलंयस, तीन पाती काढलेलं. चौथं तू पेनाने काढून दिलंयस, आणि खाली एक ओळ: ‘वस्तू ओळखली. आता जागा सांग.’

फॉर्म आज भरला. म्युझियमला सोमवारी जाईल. पहिली प्रत तुला.

वस्तू: काशाचं कुऱ्हाडीचं पातं, एक.

सापडल्याची जागा: केरिज यांचं वरचं शेत. गुडरम यांच्या कुंपणातल्या खिंडारापासून ॲशच्या झाडाच्या दिशेने एकेचाळीस पावलं.

शोधणारा: क्लिफर्ड अटिंग.

परवानगी: नव्हती.